पाव फेरा उजवीकडे

शहरात दातांचे डॉक्टर बारा होते, पण त्या बाराही जणांच्या कवळ्या करणारा माणूस एकच. तो एका इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून बसायचा. डॉक्टर मंडळी रोग्याच्या तोंडाचा ठसा ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवत. पुढचं सगळं कवळीवाल्यांचं. प्लास्टरचा साचा, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी, हिरडीत एकेक दात. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो तोंडं घडवली आणि त्यांतलं एकही समोर बसवून उघडं पाहिलं नाही. रस्त्यात समोरून येणारं हसू आपल्या हातचं आहे हे त्यांना लांबूनच कळायचं, पण नमस्कार करायची सोय नव्हती. कवळीवाल्याशी ओळख आहे असं चारचौघांत कोण कबूल करणार?

एका जातीच्या माणसांचा मात्र त्यांना मनस्वी राग होता. कवळी टोचते म्हणून ती घरच्या घरी कानशीनं घासणारे. अशी कवळी दुरुस्तीला आली की ते ती खिडकीच्या उजेडात धरत, भिंगातून ओरखडे बघत आणि म्हणत, "हात लावलाय मेल्यानं! आणि डॉक्टरला सांगितलं असेल, आपोआप झालं म्हणून." मापाच्या कामात बाहेरच्यानं बोट घालायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. आणि धर्म हा मुख्यतः दुसऱ्यांनी पाळायचा असतो, याबद्दलही त्यांच्या मनात शंका नव्हती.

कारण त्यांची गाडी.

गाडी जपानी. पांढरी, चार दारांची, दिसायला एखाद्या सज्जन हेडमास्तरसारखी. पण पोटात टर्बो. टर्बो म्हणजे काय हे कवळीवाले पाहुण्यांना चहाबरोबर समजावून सांगत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो, आणि त्याच्या जोरावर दुसरा पंखा त्याच इंजिनात हवा कोंबतो. "म्हणजे सासऱ्याचंच खाऊन सासऱ्यालाच ताकद दाखवणारा जावई," अशी त्यांची बायको भर घालायची. जावई समोर बसलेला असला तरी घालायची.

बोटीतून उतरली तेव्हा गाडी नऊ वर्षांची होती. कवळीवाल्यांकडे येऊन तिला बावीस वर्षं झाली होती. आतली सगळी अक्षरं जपानी. फ्यूजच्या डबीवर काय लिहिलंय ते कळत नसल्यामुळे त्यांनी एकेक फ्यूज उपसून, काय बंद पडतं ते बघून, आपल्या भाषेत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यांतल्या एकीवर "काहीच नाही (अजून तरी)" असं लिहिलेलं होतं. रेडिओला इथली स्टेशनं लागत नसत. आणि किल्ली फिरवली की आतून एक बाई अत्यंत नम्र आवाजात एक लांबलचक जपानी वाक्य बोलायची. बावीस वर्षांत त्याचा अर्थ कुणाला कळला नव्हता. "रोज सकाळी इतकं गोड बोलते, म्हणजे नक्की काहीतरी मागत असणार," असं बायकोचं मत होतं.

गाडी म्हातारी होते ती लोखंडापासून नव्हे, रबरापासून. आधी नळ्या तडकतात, मग वायरींची आवरणं, मग दाराच्या पट्ट्या. कवळीवाल्यांनी या बाबतीत कसूर केली नव्हती. बोटभर जाडीची एकेक नळी ते दर हिवाळ्यात दाबून बघत, डॉक्टर छाती ठोकून बघतो तशी. तेल ठरल्या अंतराच्या आधीच बदलत. आणि टर्बोच्या गाडीचा मुख्य नियम तर त्यांनी कधीच मोडला नाही. घरी पोचल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. पंखा लालबुंद तापलेला असतो. तेलाचा पुरवठा एकदम थांबला तर ते आतल्या आत जळून कोळसा होतं. म्हणून फाटकाशी उभं राहून दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचं. बायकोच्या बाजूचं दार आतून उघडत नसल्यामुळे तीही अडकून बसायची. मुलीचं लग्न, सासूबाईंचं ऑपरेशन, जावयाशी अबोला धरायचा की नाही, असे घरातले सगळे मोठे निर्णय त्या दोन मिनिटांत झालेले होते. एरवी कवळीवाले बोलत नसत; तोंडात दातांचे नमुने धरायची सवय.

आता मिस्त्री.

असल्या गाडीला हात लावणारा शहरात एकच मिस्त्री होता. बंदरावर या गाड्या उतरायच्या तिथं त्यानं तरुणपण घालवलं होतं. अंगानं काटकुळा, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि गिऱ्हाइकाकडे बघून बोलायची पद्धत नाही. जे काय बोलायचं ते बोनेटशी. त्याच्या गॅरेजात भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं: "उभं राहून सल्ला देऊ नये." कवळीवाल्यांनी घरून तिपाई नेली. दुसऱ्या दिवशी खाली आणखी एक ओळ आली: "बसूनही."

त्या दोघांचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य होतं आणि अकरा वर्षं टिकलं होतं. विळ्याला दुसरा भोपळा मिळाला असता, पण या भोपळ्याला दुसरा विळा नव्हता, हेच कवळीवाल्यांचं दुखणं. भांडण मात्र कायम "अहो-जाहो"त चालायचं. अरे-तुरे करायला थोडं तरी प्रेम लागतं.

"नळी बदलली?" कवळीवाले विचारत.

"ह्यांना सांगा," मिस्त्री बोनेटला म्हणे, "की बदलली."

"जुनी दाखवा."

"जुनी म्हणे दाखवा! शवविच्छेदन करायचंय का?"

"माझ्या गाडीतली आहे. मला बघायचा हक्क आहे."

"तुम्ही लोकांचे उपटलेले दात दाखवता का त्यांना?"

"दात डॉक्टर उपटतात. मी बसवतो."

"मग बसा."

आणि कवळीवाले तिपाईवर बसत.

वैराचं खरं मूळ एका स्क्रूत होतं. इंजिनात हवा जिथून शिरते तिथं एक डबी होती, आणि डबीच्या कुशीत, रबरी बुचाखाली, तुरीच्या डाळीएवढा पितळी स्क्रू. गाडी जागच्या जागी चालू असताना हवेत पेट्रोल किती मिसळायचं हे तो ठरवायचा. उजवीकडे फिरवला की पेट्रोल जास्त, डावीकडे फिरवला की कमी. मिस्त्रीचं मत डावं होतं. "गाडीला पेट्रोलनं आंघोळ घालता तुम्ही. प्लग काजळलेत बघा, लग्नघरच्या पोरीसारखे." कवळीवाल्यांचं मत उजवं होतं. उपाशी इंजिन तापतं, तापलं की टर्बो जातो, आणि टर्बो गेला की दुसरा मिळत नाही.

अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा गाडी मिस्त्रीकडून आली ती, निदान कवळीवाल्यांच्या कानाला, थोडी खोकत आली. कवळीवाल्यांनी फाटकाशी दोन मिनिटं ऐकलं. मग मागच्या खोलीत जाऊन मेण कोरायची बारीक कोरणी आणली, बूच काढलं, आणि स्क्रू उजवीकडे पाव फेरा दिला. बारावरचा काटा तीनवर. खोकला थांबला. गाडी कशी, चपखल बसलेल्या कवळीसारखी बोलायला लागली. "गाढव आहे मिस्त्री," कवळीवाले बायकोला म्हणाले, आणि त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली.

तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. वर्षातून तीनदा गाडी गॅरेजात जायची, तीनदा खोकत परत यायची, तीनदा कोरणी निघायची. मिस्त्री दर खेपेला बोनेटला विचारी, "हात लावला होता का कुणी?"

"कुणी? मी? छे!" कवळीवाले म्हणत. "मापाच्या कामात बोट घालणाऱ्यांतला नव्हे मी."

आणि मनात म्हणत, तुझ्या चुका अकरा वर्षं निस्तरतोय, उपकार मान.

अशा सुखाच्या वैरात आणखी अकरा वर्षं सहज गेली असती. पण त्या वर्षी सरकारनं नियम काढला: तीस वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची धुराची तपासणी. एकदा नापास झाली तर त्याच दिवशी केंद्र बंद व्हायच्या आत दुसरी संधी. दुसऱ्यांदाही नापास, तर नंबराच्या पाट्या तिथंच काढून घेणार आणि गाडी तिथल्याच अंगणात राहणार. अंगणात राहणार म्हणजे काय, हे केंद्राच्या मागे उभ्या असलेल्या, गाड्या चेपणाऱ्या लोखंडी जबड्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. जबड्यांशी आयुष्य काढलेल्या माणसाला तर जरा जास्तच.

कवळीवाल्यांची भूक गेली. तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी मिस्त्रीकडून आली ती नेहमीसारखी खोकत. फाटकाशी दोन मिनिटं सुरू झाली. कवळीवाल्यांचा हात खिशातल्या कोरणीकडे गेला.

"अहो," बायको म्हणाली, "एक सांगू?"

"इंजिन ऐकतोय मी."

"तेच सांगतेय. बावीस वर्षं तुम्ही गाडीचं ऐकलंत. उद्या एक दिवस मिस्त्रीचं ऐका."

"तो गाढव आहे."

"असेल. पण धुराचं यंत्र त्याला माहितीये, तुम्हाला नाही. तुम्ही उजवीकडे पिळून पेट्रोल वाढवाल आणि उद्या धूर जास्त निघाला म्हणून पाट्या काढून घेतील. मग बसा त्या खोलीत दातांकडे बघत." तिनं मांडीवरची पर्स सरळ केली. "आणि मला बसमध्ये तुमच्याशी बोलता येत नाही. बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघता."

कवळीवाल्यांनी बायकोकडे बघितलं. एवढं सरळ कारण तिनं बावीस वर्षांत कधी दिलं नव्हतं. त्यांनी कोरणी तिच्या हातात दिली. तिनं ती पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

सकाळी तपासणी केंद्राकडे जाताना गाडी प्रत्येक सिग्नलला थरथरत होती, तापात हुडहुडी भरल्यासारखी. दोनदा बंद पडता पडता राहिली. कवळीवाल्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट. मोह फार होता. पण शब्द दिला होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आज नापास झाली तर दोष सबंध मिस्त्रीचा ठरणार होता. माणसाला संकटातही काही आधार लागतो.

केंद्रात एक लांब शेड, जमिनीवर एक जाड पिवळी रेघ. रेघेच्या आत फक्त गाडी, मालक आणि त्याचं कुटुंब; गॅरेजवाल्यांनी बाहेर थांबायचं. नाहीतर मिस्त्री लोक ऐनवेळी काय काय हातचलाखी करतात, असा सरकारचा अनुभव. रांगेत नंबर लागेपर्यंत तीन वाजले. तपासनीस तरुण होता आणि त्याला सर्दी झालेली होती. त्यानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली. पडद्यावर आकडे चढत गेले. गाडी खोकली, थरथरली; पेट्रोल इतकं कमी की ते धड पेटही घेईना, आणि न जळलेलं ते मागच्या दारानं बाहेर टाकत राहिली.

"नापास," तपासनीस नाक पुसत म्हणाला. "इंजिनात पेट्रोल नीट जळतच नाहीये. चार वाजेपर्यंत दुसरी संधी. मागे कुठे उभी करायची ते आधीच सांगून ठेवू का?"

कवळीवाल्यांनी मिस्त्रीला फोन केला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. फोनवर मिस्त्रीला बोनेट नसल्यामुळे त्यानं एका शब्दात आटपलं. "येतो."

वीस मिनिटांत तो स्कूटरवरून आला, पिवळ्या रेघेशी थांबला आणि लांबूनच कान देऊन उभा राहिला. मग त्याचा चेहरा लाल झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कवळीवाल्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"स्क्रूला हात लावला?"

"नाही!"

"खरं सांगा."

"शपथेवर सांगतो, नाही लावला! विचारा हिला."

"का नाही लावला?" मिस्त्री ओरडला.

कवळीवाल्यांना वाटलं आपल्याला ऐकू कमी आलं. "काय म्हणालात?"

"का नाही लावला म्हणतो! दर खेपेला लावता ना? अकरा वर्षं लावता! मग आजच काय धाड भरली?"

"मी कधीही..."

"अहो, बूच उघडलं की स्क्रूच्या खाचेत गुलाबी मेण! ह्या शहरात गुलाबी मेणाचे हात दुसऱ्या कुणाचे आहेत? पहिल्याच वर्षी कळलं मला. म्हटलं, हा माणूस ऐकायचा नाही. घरी जाऊन पाव फेरा उजवीकडे देणार म्हणजे देणारच. म्हणून मी दर वेळी पाव फेरा जास्तीचा डावीकडे देऊन पाठवतो. तुम्ही घरी जाऊन फिरवला की माझ्या मापाला बरोबर बसते!"

तपासनीस शिंकायचं विसरला.

कवळीवाले जागच्या जागी उभे होते. अकरा वर्षं दर खेपेला फाटकाशी उभं राहून त्यांनी मिस्त्रीची चूक सुधारली होती, आणि मिस्त्रीला ती सुधारणा अपेक्षितच होती! म्हणजे ते चूक सुधारत नव्हते. ते मिस्त्रीच्या हाताखाली काम करत होते, आणि तेही त्यांना न सांगता. एखाद्यानं भर चौकात फेटा उडवावा तसं झालं.

"नीच माणसा!" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांची जीभ अहो-जाहोवरून घसरली. "अकरा वर्षं तू मला खोकणारी गाडी देत होतास! मुद्दाम!"

"आणि तू अकरा वर्षं तोंडावर खोटं बोलत होतास! 'मी? छे!' म्हणे!"

"माझी गाडी आहे!"

"माझं माप आहे!"

"तुझं माप आत्ता नापास झालं, बघ तिथं, पडद्यावर!"

"तुझ्यामुळे! तुझ्यावर विश्वास टाकला मी, की हा माणूस नक्की बेइमानी करील. आणि ऐनवेळी इमानदार झालास!"

"तुम्ही दोघं आटपता का?" तपासनीस म्हणाला. "पावणेचार झालेत."

मिस्त्रीनं पाऊल उचललं. तपासनीसानं पिवळ्या रेघेकडे बोट दाखवलं. पाऊल परत खाली.

"मला जाता येत नाही," मिस्त्री दात-ओठ खात म्हणाला. "फिरवा तुम्ही."

कवळीवाले हलले नाहीत. आता फिरवायचा म्हणजे या परक्या माणसांसमोर कबूल करायचं, की कानशीनं कवळी घासणारा मीच. आणि फिरवायचा तो याच्या हिशेबानं, याच्या हुकमानं. न फिरवावा तर मागे तो जबडा.

तेवढ्यात चेन उघडल्याचा आवाज झाला. बायकोनं गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला होता. हातात कोरणी.

"अहो," ती म्हणाली, "भांडण उद्याही मिळेल."

कवळीवाल्यांनी कोरणी घेतली. बोनेट उघडलं.

"तुम्हाला जमतं का हे?" तपासनीसानं काळजीनं विचारलं. "म्हणजे, अनुभव आहे का?"

"अकरा वर्षांचा!" रेघेपलीकडून मिस्त्री म्हणाला.

कवळीवाल्यांच्या कानशिलाची शीर उडाली, पण हात हलला नाही. चौतीस वर्षं मिलिमीटरच्या पाव भागावर जगलेला हात तो. बूच काढलं. कोरणीचं टोक खाचेत बसलं. बारावरून एक, दोन, अडीच...

"अजून!" मिस्त्री ओरडला.

"कळतंय मला!"

"पाव म्हणजे पाव!"

"तुमच्याआधी शिकलोय मी पाव!"

तीन. थरथर एकदम थांबली. इंजिन एका सुरात बोलायला लागलं. तपासनीसानं नळी घातली, पडद्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि कागदावर शिक्का मारला. कागद त्यानं कवळीवाल्यांकडे न देता खिडकीतून त्यांच्या बायकोकडे दिला. सर्दी असली तरी पोरगा हुशार होता.

रेघेबाहेर गाडी आली तेव्हा मिस्त्री स्कूटरला टेकून उभा होता.

"पटलं?" तो म्हणाला. आता तो पुन्हा बोनेटशी बोलत होता. "माझंच माप बरोबर निघालं."

"मी हात लावेपर्यंत नापास होती," कवळीवाले म्हणाले. "लावल्यावर पास झाली. आंधळ्यालाही कळेल कुणाचं माप बरोबर ते."

"बरं. आता पुढच्या महिन्यात तेल बदलायला आणाल तेव्हाचं काय? सरळ माझ्या मापाला लावून देतो. घरी हात लावायचा नाही."

"बघू."

"बघू नाही. तुम्ही फिरवणार असाल तर मला पाव फेरा जास्त द्यावा लागेल. फिरवणार नसाल तर नाही. काय ते एकदा सांगा, म्हणजे त्या हिशेबानं करतो."

कवळीवाल्यांनी खिडकीची काच वर घेतली. अर्ध्यावर आल्यावर थांबवली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच या माणसाला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं.

"ते मी तुम्हाला कशाला सांगू?" ते म्हणाले, आणि उरलेली काच वर केली.